उत्तर देऊ नका

नाताळआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात विमलचा घसा बसला. पोशीरला भात झोडून झालं होतं, मोकळ्या शेतांत वाल दोन पानांवर आला होता आणि झोडणीची धूळ अजून हवेतून गेलेली नव्हती. दरवर्षी या दिवसांत तिचा घसा धरतो. यंदा आवाज पूर्णच गेला. हळदीचं दूध, गरम पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, सगळं करून झालं. दोन दिवस ती खुणांनी बोलत होती, आणि त्या दोन दिवसांत तिला एक गोष्ट कळली, जी घरात एवढे महिने कुणालाच कळली नव्हती.

घर तिच्या सासऱ्यांचं. हेमचंद्र त्रिभुवन मूळचे वैजापूरकडचे. तरुणपणी मिशनच्या कामाला कर्जतला आले आणि इथलेच झाले. ते कॅटेकिस्ट होते. म्हणजे फादर जिथं महिन्यातून एखाद्या वेळी पोचतात, तिथं बाकीचे दिवस प्रार्थना घेणारा आणि मुलांना धर्मशिक्षण देणारा माणूस. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांपासून खालापूरच्या डोंगराकडच्या वस्त्यांपर्यंत ते सायकलवर फिरले. चर्चशी काही संबंध नसलेले लोकही त्यांना मास्तर म्हणत. शिकवायची त्यांची एकच रीत होती. पहिला अर्धा भाग आपण म्हणायचा, थांबायचं, आणि समोरून दुसरा अर्धा येईपर्यंत पुढं जायचं नाही. 'नमो मरिये, कृपापूर्णे'पासून 'येशू'पर्यंत मास्तरांचं. 'हे पवित्र मरिये, देवाच्या माते'पासून 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, आमेन'पर्यंत बाकी सगळ्यांचं. रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सगळीकडे अशीच म्हणतात. पण त्रिभुवनांच्या घरात ती इतकी मुरली होती की पहिला अर्धा कानावर पडला की दुसरा तोंडातून निघूनच जायचा, मग हातात काहीही काम असो. मुलगा अनुपम, विमलचा नवरा, लहानपणी झोपेतसुद्धा उत्तर द्यायचा, असं त्याची आई सांगत असे. ती आता नाही.

गणपतीच्या दिवसांत मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी म्हणता येईना, अनुपमला नावानं हाक मारता येईना. तोंडातून नुसता आवाज निघे आणि तो आपल्याला हवा तो नाही हे कळून ते डोळे मिटून घेत. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काय करावं ते न सुचून अनुपम खाटेशेजारी रोझरी म्हणायला लागला. तो 'नमो' म्हणाला आणि पुढचं खाटेवरून आलं. स्पष्ट, न अडखळता, जुन्या आवाजात. 'येशू'पाशी ते थांबले आणि अनुपमनं रडत रडत उत्तर दिलं.

असं होतं, डॉक्टर म्हणाले. मनानं जुळवून बोलायचं ते जातं, जन्मभर घोकलेलं कधीकधी राहतं. गाणी राहतात, पाढे राहतात. यांची प्रार्थना राहिली.

मास्तरांची मुलगी संजना, अनुपमची थोरली बहीण, खोपोलीला शाळेत शिकवते. तिनं त्या आवाजाचं रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. ते वैजापूरला गेलं, पुण्याला गेलं, फिरत फिरत तिच्याकडेच परत आलं. कर्जतच्या चर्चमध्ये फादरनी प्रवचनात उल्लेख केला. लोक भेटायला यायचे, मास्तरांच्या खाटेभोवती उभे राहायचे, मास्तर सुरू करायचे आणि सगळे मिळून उत्तर द्यायचे. जाताना विमलला म्हणायचे, "भाग्यवान आहेस. घरात चोवीस तास प्रार्थना."

विमल कळंबच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघर सांभाळत होती. ते काम तिनं सप्टेंबरातच सोडलं. अनुपम खोपोलीजवळच्या कारखान्यात पाळीला जायचा, घरी यायचा तेव्हा त्याच्यात जेवण्यापुरता जीव असायचा. मुलगी ऋजुता पुण्याला शिकायला. घरात दिवसभर दोघंच, विमल आणि मास्तर. मास्तर नमो म्हणायचे, विमल चुलीपासून, मोरीतून, दोरीवर कपडे घालता घालता उत्तर द्यायची. पन्नास, शंभर, कितीही वेळा. उत्तर द्यायला विचार लागत नाही. पण संध्याकाळी तिला बोलावंसंच वाटायचं नाही.

मग घसा गेला.

त्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती. आतून नमो मरिये सुरू झालं. 'येशू'पाशी मास्तर थांबले. विमलच्या घशातून हवा निघाली फक्त. मास्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी आवाज चढला. चौथ्या वेळी तो चिरकला, तशी ती पिठाच्या हातांनीच आत गेली. निदान दिसावं तरी, आपण आहोत म्हणून.

मास्तर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली वळवली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं. पुन्हा खाली. विमलनं चादर उचलली. निकामी उजवा पाय खाटेची लोखंडी पट्टी आणि भिंत यांच्या फटीत गेला होता. घोट्यावर पट्टीचा वळ खोल उमटला होता, कातडी सोललेली, कडा काळसर. ती जखम आजची नव्हती; कपडे बदलताना विमल पायांवरची चादर कधी काढत नसे.

तिनं पाय सोडवला, चोळला, फटीत गोधडी कोंबली. मास्तर गप्प झाले. दुपारभर गप्प राहिले. संध्याकाळी पुन्हा नमो सुरू झालं, तेव्हा ती थेट खाटेशी गेली आणि एकेक करून बघत सुटली. पाणी नको. उशी नको. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं. पडदा ओढला. मास्तर गप्प झाले.

विमल खाटेच्या कडेवर बसून राहिली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. एवढ्या हाका. प्रत्येक हाकेला तिनं चुलीपासून आमेन म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची गोदूबाई गव्हाणीसाठी पेंढा घेऊन आली. नाताळला घरात येशूजन्माचा देखावा करतात, त्याला लागणारा पेंढा वर्षानुवर्षं तिच्याच उडव्यातून येतो.

"घे गं. तुमचा देव दरवर्सी जन्मतो नि दरवर्सी माझाच पेंडा लागतो त्याला. एवढ्या वर्सांत गादी नाय घेतली होय कुनी?"

विमलनं हसून गळ्याकडे हात दाखवला.

"आवाज नाय? बरं हाय की. पडून ऱ्हा चार दिस." मग विमलचं तोंड बघून ती उंबऱ्यात टेकली. "अगं, तू मेलीस तर मास्तरांचं कोन करनार? त्यांची लेक? ती मोबाईल घिऊन येती नि मोबाईल घिऊन जाती."

आवाज थोडा परतला तेव्हा विमलनं अनुपमला सगळं सांगितलं. तो पाळीवरून येऊन जेवायला बसला होता.

"म्हणजे बाबा प्रार्थना करत नाहीत?"

"करतही असतील. मला काय कळणार, अहो? पण काही हवं असलं तरी त्यांच्याकडे दुसरे शब्द नाहीत. तेवढेच उरलेत."

अनुपमनं घास हातात धरून विचार केला. "पायाचं बघायला पाहिजे," तो म्हणाला, आणि मग, "ताई रविवारी येतेय. तेव्हाच आश्रमाचंही बोलू."

आश्रमाचं बोलणं नोव्हेंबरापासून चाललं होतं. खालापूरच्या बाजूला सिस्टरांनी चालवलेलं वृद्धांचं घर होतं. नव्या वर्षात तिथं एक खाट मोकळी होणार होती आणि आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारनंतर लगेच हो-नाही कळवायचं होतं. विमल एकदा जाऊन बघून आली होती. स्वच्छ फरशी, लांब व्हरांडा, खुर्च्यांवर म्हातारी माणसं. एक सिस्टर रोझरी म्हणत होती आणि सगळा व्हरांडा उत्तर देत होता, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा एकसारखा आवाज. विमलला तिथंच एका खुर्चीवर बसून राहावंसं वाटलं होतं. मास्तर इथं सुखी होतील. आणि आपल्याला झोप मिळेल. दोन्ही एकदम मिळण्यासारखी ही एकच जागा तिला दिसली होती, आणि गेले तीन आठवडे ती त्या खाटेच्या आशेवर उठत होती. आता सगळं संजनावर होतं. खर्चातला अर्धा वाटा तिचा असणार होता, आणि तिला न विचारता अनुपम बापाच्या बाबतीत काही ठरवत नाही.

तिसऱ्या रविवारी संजना दुपारीच आली. रिक्षातून उतरतानाच बोलत होती.

"अख्ख्या खोपोलीत गुलाबी मेणबत्ती नाही, अनू! जांभळ्या मागशील तेवढ्या. आज आनंदाचा रविवार, आज गुलाबीच पाहिजे. शेवटी केकवाल्याकडून आणली." तिनं पिशवीतून काढली ती बोटाएवढी, पीळदार, वाढदिवसाची मेणबत्ती होती.

"चालेल की," अनुपम म्हणाला. "वाढदिवसच आहे."

"अजून दिवस आहेत त्याला," विमल म्हणाली. आवाज अजून खरखरीत होता.

"तुझ्या घशाला काय झालं गं? आणि चेहरा बघ कसा केलायस. थोडं स्वतःकडेही बघावं माणसानं." संजना तोवर खाटेपाशी पोचली होती. "बाबा! ओळखलंत? नमो मरिये…"

मास्तरांनी पुढचं म्हटलं. संजनानं डोळे पुसत उत्तर दिलं. बापलेकीचं तसं बराच वेळ चाललं. विमल दारात उभी राहून बघत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर या वेळी मागणं काही नव्हतं. त्यांना बरं वाटत होतं. हेही खरं होतं, आणि त्यामुळं पुढचं सांगणं तिला अवघड गेलं.

सांगितलं तिनं चहा करताना, स्वयंपाकघरात. घोट्याची जखम, खिडकीतलं ऊन, सगळं.

संजना कप धरून ऐकत होती. "विमल, तू दमलीयस. मला कळतं ते. पण म्हणून असं बोलायचं?"

"कसं?"

"माझा बाप प्रार्थना करत नाही, हाका मारतो, असं. ज्या माणसानं वाड्यावाड्यांतून लोकांना देवाशी बोलायला शिकवलं, त्याच्याबद्दल तू म्हणतेस की तो पोपटासारखा…"

"पोपट मी म्हटलं नाही, ताई. पोपट झालाय तो आपला. ते हाक मारतात आणि आपण आमेन म्हणतो."

संजनानं कप खाली ठेवला. "आणि आश्रमाचंही आत्ताच सांगते. अनूला वाईट वाटेल, पण मला पटत नाही. त्यांची प्रार्थना या घरात जिवंत आहे. ती उचलून परक्या ठिकाणी नेऊन ठेवायची? लोक काय म्हणतील ते सोड. बाबा काय म्हणतील?"

"तेच तर," विमल म्हणाली. "बाबा काय म्हणतात ते कुणी बघतच नाही."

पुढं बोलण्याइतका घसा नव्हता. तिनं चहा गाळला.

दिवेलागणीला सगळे मास्तरांच्या खोलीत जमले. स्टीलच्या ताटात गोदूबाईच्या पेंढ्याचं वळलेलं वेटोळं, त्यात आंब्याच्या डहाळ्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि ती एक पीळदार गुलाबी, नाताळआधीच्या दर रविवारी एकेक वाढवत पेटवायच्या. दोन जांभळ्या गेल्या रविवारपर्यंत जळून खाली आल्या होत्या. अनुपमनं त्या पेटवल्या आणि मग गुलाबी. ती फार वेळ टिकणार नव्हती. कळंबच्या रस्त्यावरून मुंबईच्या गाड्या परत निघाल्याचे हॉर्न ऐकू येत होते, आणि कुठल्याशा रिसॉर्टमधलं गाणं, ज्यातला फक्त ठेका इथवर येतो.

अनुपमनं बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं वाचन केलं. ओसाड प्रदेश फुलेल, आंधळ्यांचे डोळे उघडतील, लंगडा हरणासारखा उड्या मारील, मुक्याची जीभ गजर करील. संजनानं त्याचा हात दाबला. "ऐकलंस? हेच. हेच तर." मग शुभवर्तमान. तुरुंगात पडलेला योहान आपल्या शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी? अनुपमनं पुस्तक मिटलं. वाचनानंतर मनन, हा मास्तरांचाच नियम. आठवडाभरात देवानं काय दाखवलं ते प्रत्येकानं थोडक्यात सांगायचं, लांबण लावायची नाही.

संजनानं लांबण लावली. मुक्याची जीभ म्हणजे आपले बाबा, ती म्हणाली. देवानं सगळं काढून घेतलं आणि नेमकं तेच ठेवलं. या खाटेशी बसलं की आपल्याला…

"नमो मरिये, कृपापूर्णे," मास्तर म्हणाले.

संजनाचा चेहरा उजळला. ती बोलायची थांबली. मास्तरांनी 'येशू'पर्यंत नेलं आणि बहीणभावांनी एका सुरात उत्तर दिलं. मास्तर लगेच दुसऱ्याला लागले. उत्तर. तिसरं. त्यांचा सूर चढत चालला होता. संजनानं मोबाईल उचलला.

"थांबा," विमल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"आता कुणी उत्तर देऊ नका. नुसतं बघा."

"विमल, अगं काय…"

"एकदाच, ताई. माझ्यासाठी."

'येशू'पाशी मास्तर थांबले. खोलीत कुणी बोललं नाही. अनुपमचे ओठ हलले आणि त्यानं ते दाताखाली धरले. मास्तर वाट बघत राहिले. मग पुन्हा, नमो मरिये, पहिल्यापासून. पुन्हा थांबले. आता डावा हात चादरीवर चाचपडत होता. पुन्हा. आता ते प्रार्थना म्हणत नव्हते, हे ऐकणाऱ्याला कळलं असतं. शब्द तेच होते. उतारावर ब्रेक न लागणाऱ्या गाडीसारखे ते एकमेकांवर आदळत होते. संजनाच्या हातातला मोबाईल खाली आला.

"त्यांना काहीतरी पाहिजे," अनुपम म्हणाला.

"हो," विमल म्हणाली. पण ती उठली नाही.

हे तिनं आधी ठरवलं नव्हतं. उठायची वेळ आली तेव्हा पायच उठले नाहीत. ती भिंतीला पाठ लावून चटईवर बसली होती आणि तशीच बसून राहिली.

अनुपम उठला. "बाबा, पाणी?" फुलपात्र ओठांशी नेलं, मास्तरांनी तोंड फिरवलं. उशी नीट केली. नमो मरिये. संजनानं खिडकी लावली, मग उघडली, मग पंख्याकडे बघितलं. "विमल, सांग ना गं, काय हवंय त्यांना?"

"मलाही माहीत नसतं. शोधावं लागतं."

"पण तुला सवय आहे."

"तीच तर झालीय."

शेवटी अनुपमनं चादर दूर केली. सगळं ओलं होतं. ओलं आणि गार, म्हणजे बराच वेळ झाला होता. बहुधा यशयाच्याही आधीपासून. संजना दोन पावलं मागं सरली, दारापर्यंत, आणि तोंडावर पदर घेतला. अनुपम चादर हातात धरून उभा राहिला. एवढ्या महिन्यांत हे काम त्यानं एकदाही केलं नव्हतं. तो घरी यायच्या आत झालेलं असायचं.

"पेटीत वरच धुतलेले पंचे आहेत," विमल बसल्या जागेवरून म्हणाली. "चुलीवर पाणी गरम आहे, त्यात गार मिसळा. आधी त्यांना डाव्या कुशीवर घ्या. खांद्याला धरून, हाताला नाही. उजवा हात ओढायचा नाही, दुखतो. ताई, तुम्ही पाठीमागून आधार द्या."

"मी?"

"दोघं लागतात. मी एकटी करते, पण दोघं लागतात."

संजना आली. तिनं पदर खोचला. दोघांनी बापाला वळवलं, वाईट वळवलं. मास्तर कण्हले. पाणी फार गरम निघालं, पुन्हा आणावं लागलं. पंचा उलटा गुंडाळला गेला. घोटा उघडा पडला तेव्हा संजनानं जखम बघितली. ती रडत होती, पण हात थांबवले नाहीत. गुलाबी मेणबत्ती तोवर पेंढ्यापर्यंत आली होती. विमलनं हात लांब करून तेवढी विझवली.

मास्तर कोरडे झाले, गप्प झाले. डोळे मिटले. रविवारची रोझरी त्या दिवशी झालीच नाही आणि ती राहिल्याचं कुणी बोललं नाही.

"रोज?" संजनानं विचारलं. ती मोरीत हात धुऊन ओल्या हातांनीच परत आली होती.

"दिवसातून चार-पाचदा. रात्री एकदा-दोनदा."

संजना खुर्चीत बसली. मग तिनं पाठ ताठ केली. निर्णय सांगताना ती अशीच बसते. "अनू, उद्या सिस्टरना हो म्हणून कळव. माझा वाटा मी देईन. माझं चुकलं. तिथं चार माणसं असतील, नीट बघतील. विमलला मोकळं कर."

तीन आठवडे विमल हेच वाक्य ऐकायला थांबली होती. ते आलं, आणि तिला व्हरांडा दिसला. स्वच्छ फरशी, रांगेनं खुर्च्या. मास्तर कोपऱ्यातल्या खाटेवर, पाय कुठंतरी अडकलेला, किंवा ओले, किंवा तहानलेले. नमो मरिये. आणि सगळा व्हरांडा एका सुरात, प्रेमानं, न चुकता.

"नको," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "तिथं सगळे उत्तर देतील."

मग अनुपमला कळलं. त्यानं हातांत डोकं धरलं.

"सांगू ना आपण सिस्टरना," संजना म्हणाली. "आत्ता फोन लावते." तिनं लावलाही. मोठ्या सिस्टरनी ऐकून घेतलं. त्या मल्याळी होत्या, मराठी थांबत थांबत बोलायच्या. फोन स्पीकरवर होता. "मी सांगेन सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे चाळीस माणसं आहेत. अर्ध्यांना काही आठवत नाही, पण नमो म्हटलं की उत्तर येतं. मी स्वतः देते. गेली सगळी वर्षं देते. मी पण थांबू शकणार नाही."

संजनानं फोन ठेवला.

विमलच बोलली. रागानं नाही. राग यायला जोर लागतो. "खाट नको तर नको. पण मग मी एकटी नाही. मला जमत नाही आता. उद्यापासून जमत नाही. हे मनन समजा माझं."

"थोडक्यात झालं," अनुपम म्हणाला, आणि कुणाला हसू येतंय का ते बघितलं. संजनाला आलं, रडतानाच.

त्या रात्रीच ठरलं, पण वाद झालेच. संजना म्हणाली, नाताळच्या सुट्टीपर्यंत रजा टाकते. अनुपम म्हणाला, तुला कोण देतंय रजा. ती म्हणाली, बाप आजारी आहे म्हणून सांगेन, तीन महिने झाले आजारी आहे, अजून एकदाही सांगितलेलं नाही. नव्या वर्षात मास्तर एक महिना खोपोलीला, एक महिना पोशीरला. खोपोलीला जिना आहे. खुर्चीतून उचलून न्यायचं, वर गेल्यावर पुढचं बघायचं. अनुपमनं रात्रीचं सगळं आपल्याकडे घेतलं. हे किती दिवस टिकेल, विमलला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नाही.

सोमवारी दुपारी गोदूबाई पडवीत आली आणि संजनाला मोरीशी चादरी आपटताना बघून थबकली.

"आज मोबाईल कुठं ठिवला, संजनाबाई?"

"चार्जिंगला लावलाय, मावशी."

"लावा, लावा. तुमालापन लावा कदी." मग आत डोकावून, "विमल कुठाय?"

"झोपलीय."

"दुपारची? देव पावला म्हनायचा." ती आल्या पावली परत गेली.

विमल झोपली नव्हती. आतल्या खोलीत पडून होती, अंगावर गोधडी घेऊन. अंग सवयीनं जागं होतं. शेतातून कुणीतरी वालाला पाणी सोडत असल्याचा पंपाचा आवाज येत होता. मग भिंतीपलीकडून आलं, नमो मरिये, कृपापूर्णे. तिचे ओठ उघडले. 'येशू'पाशी मास्तर थांबले.

उत्तर आलं नाही. ती ऐकत राहिली. मोरीतलं आपटणं बंद झालं, बादली टेकल्याचा आवाज, ओल्या पावलांचा आवाज. "काय झालं बाबा? पाय का? थांबा, बघते. हा? हा नाही? मग कुठं?"

पलीकडे शोधाशोध चालू राहिली. उत्तराची जागा तशीच मोकळी होती. विमलनं गोधडी तोंडावर ओढली आणि तो दुसरा अर्धा भाग स्वतःच म्हणायला घेतला, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. गणपतीनंतर पहिल्यांदाच ती ते कुणाच्या हाकेला म्हणून म्हणत नव्हती. हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पापी लोकांकरिता, आता…

'आता'च्या पुढं तिला आठवत होतं. पण तोवर झोप लागली.